चपलेच्या पलीकडे

६ जानेवारी

बुटांचे सोल बनवणारी कंपनी दरवर्षी दुकानाला एक डायरी भेट देते आणि दरवर्षी मी ती कुणाच्या तरी गळ्यात मारते. यंदा ठेवून घेतली. आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही, आणि पोटात ठेवलं तर मी फुटेन.

संध्याकाळी ताईच्या वाचनालयातल्या मंडळाचे लोक चहाला आले होते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे, पण शिकवणं काही निवृत्त झालेलं नाही. मी धाकटी, वडिलांचं जोड्यांचं दुकान चालवते. लग्न दोघींनीही केलं नाही, त्यामुळे एकाच घरात एकमेकींच्या डोक्यावर मिरी वाटत राहतो.

मंडळाची नवी सूचना इंग्रजीत लिहायची होती. तिच्यात एक एवढा अगडबंब शब्द घातला होता की वाचतानाच धाप लागावी. मी ट्रे ठेवता ठेवता म्हटलं, "साधा शब्द लिहा ना, लोकांना कळेल तरी." ताईने एक भुवई वर केली. ती भुवई वर गेली की समजायचं, आता कुणाची तरी फजिती आहे. म्हणाली, "माझी बहीण जरा अल्ट्राक्रेपिडेरियन आहे. तिला माफ करा."

सगळे खो खो हसले. ताईची मैत्रीण, जिला मी मनातल्या मनात चष्मेवाली म्हणते, तिच्या बशीत चहा सांडला. आणि मीही हसले! मला वाटलं, कौतुक आहे.

७ जानेवारी

शब्दकोशात सापडला. अल्ट्रा म्हणजे पलीकडे. क्रेपिडा म्हणजे चप्पल. लॅटिन. आपल्या चपलेच्या पलीकडच्या गोष्टीत तोंड घालणारा माणूस.

चप्पल! माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पिऊन, जोडे विकणाऱ्या बाईला चपलेवरून हसले. तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून तीन गिऱ्हाइकांवर खेकसले आहे. एकीला तर म्हटलं, तुमच्या पायाला कुठलाच जोडा शोभणार नाही.

बाबांनी ताईला कॉलेजात घातलं आणि मला काउंटरवर बसवलं. दुकानाला कुणीतरी हवं होतं, आणि ताईला नुसते बूट घालता येत, विकता येत नसत. ठीक आहे. पण ज्या दुकानाच्या जिवावर ती लॅटिनची मुळं खणत बसली, त्याच दुकानावरून मला टोमणा?

८ जानेवारी

ठरलं. एप्रिलमध्ये वाचनालयात मूळशब्दांची स्पर्धा असते. ग्रंथपाल लॅटिनचं एक मूळ सांगतो आणि दोघांनी आळीपाळीने त्या मुळाचे इंग्रजी शब्द सांगत जायचे. जो अडेल तो गेला. गेली कित्येक वर्षं कप ताईकडे आहे. कपाटावर ठेवलेला असतो आणि तो पुसते कोण? मी.

यंदा मी उतरणार. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाठ करणार. बाईसाहेबांना त्यांच्याच मैदानात पाणी पाजणार.

१५ जानेवारी

हे प्रकरण वाटलं तेवढं अवघड नाही. एका मुळाला हात घातला की शब्द घोळक्याने बाहेर येतात. आणि या रोमन लोकांना माझ्या धंद्याची चांगलीच जाण होती. कॅल्क्स म्हणजे टाच. त्यावरून रिकॅल्सिट्रंट, टाचा झाडणारा, हट्टी. कोरियम म्हणजे कातडं. त्यावरून एक्सकोरिएट, बोलून बोलून एखाद्याची सालटी काढणं. सेस्क्विपेडॅलियन म्हणजे दीड फूट लांबीचा शब्द. दीड फुटाच्या पायाला आमच्याकडे माप नाही.

आणि सुपरसिलियस! शिष्ट, तुच्छतेने बघणारा. मूळ सुपरसिलियम, म्हणजे भुवई. रोममध्येही कुणाच्या तरी घरात ताई होती तर. मी काउंटरवर एकटीच हसले. आमचे कारागीर काका सोल चिकटवता चिकटवता माझ्याकडे बघत राहिले.

२४ जानेवारी

आज जेवण झाल्यावर ताईला आव्हान दिलं. म्हटलं, रोज एक मूळ घ्यायचं, जी अडेल तिने भांडी घासायची. तिने भुवई वर केली. "तू? माझ्याशी?" म्हटलं, "का, चपलेच्या बाहेर जातेय का मी?"

ती जरा चपापली. मग म्हणाली, "बरं. पहिलं मूळ, मॅनस."

मुद्दाम तेच घेतलं तिने. मॅनस म्हणजे हात. तिने मला आयुष्यात शिकवलेलं एकमेव मूळ ते. ती कॉलेजात नवी नवी जायला लागली होती, मी शाळेत होते. बाबा माल आणायला गेले की ते न्यायला येईपर्यंत दोघी दुकानाच्या पायरीवर बसायचो. तेव्हा माझा हात हातात घेऊन एकेका बोटावर एकेक शब्द म्हणायची. मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट, मॅनिक्युअर, मॅनेज. अंगठ्यावर इमॅन्सिपेट, हाताच्या पकडीतून सोडणं. असं म्हणून माझा हात सोडून द्यायची. पुढे तिला हुशार मैत्रिणी मिळाल्या आणि माझी बोटं संपली.

हरले. भांडी घासली. पण तिला आठ शब्दांपर्यंत खेचलं.

२ फेब्रुवारी

रोज हरते आहे. रोज घासते आहे. हाताला साबणाचा वास बसला आहे. तरी आज तिने दोनदा विचार करायला वेळ घेतला. डोळे मिटून बसली, बोटं टेबलावर वाजवत. घाबरली असणार.

दूध मात्र करपवलं. गॅसवर ठेवून वाचत बसली होती. पातेलं खरवडताना मला बाकीचे सगळे लॅटिन शब्द आठवत होते, जे स्पर्धेत चालणार नाहीत.

११ फेब्रुवारी

जिंकले! मूळ होतं व्हॉक्स, आवाज. मी व्होसिफरस म्हटलं आणि ती अडली. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "छान. मला नाही बाई आठवत." उठली आणि भांडी घासायला लागली. मला वाटलं होतं, या दिवशी मी नाचेन. नाचावंसं काही वाटलं नाही. नंतर बघितलं तर तिने धुतलेली भांडी पुन्हा उष्ट्या भांड्यांत नेऊन ठेवली होती. एक काम धड करायचं नाही, म्हणजे पुन्हा कुणी सांगत नाही, ही युक्ती मला माहीत आहे.

१४ फेब्रुवारी

पुन्हा जिंकले. आणि आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ताईची ही जुनी खोड आहे. समोरच्याला चढू द्यायचं. आपण भोळ्यासारखं "हो का? मला नाही बाई आठवत" करायचं. तो पुरता फुगला की मग टाचणी लावायची. मंडळातल्या कितीजणांना तिने असंच गार केलं आहे. घरी मला जिंकू देणार, आणि एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणार. नाहीतर त्याहूनही वाईट, माझी कीव करते आहे. बिचारीला भांड्यांपासून सुटका देऊया, असं.

अंगाचा तिळपापड झाला. मला हरवलंस तरी चालेल, पण मुद्दाम हरू नकोस. मुद्दाम हरण्यासारखा दुसरा अपमान नाही.

२६ फेब्रुवारी

ताईने काळे बूट दुरुस्तीला आणून टाकले. मी उलटे करून पाहिले. माणूस पाय उचलून चालला की टाच आधी झिजते. हिच्या बुटांचा पुढचा चवडा घासला आहे आणि टाच जवळजवळ नवी. म्हणजे आता पाय उचलून चालण्याचेही कष्ट नकोत. फरफटत चालायचं, राणीसाहेब!

कारागीर काका म्हणाले, "अहो, हेच बूट घेऊन ताई परवाही आल्या होत्या. त्याआधीही एकदा. मी सोल लावायला घेतला, तर म्हणाल्या, हे माझे नाहीतच. छोट्या ताई, एकदा डॉक्टरांना..."

मी म्हटलं, "काका, तुम्ही सोलपुरतं बोला."

ते हातोडी घेऊन कामाला लागले. माझंही चुकलं असेल, पण ज्याने त्याने आपलं काम करावं.

७ मार्च

आज दुपारी ताईच्या कॉलेजातून दुकानात फोन आला. मॅडम वर्गात येऊन फळ्याजवळ उभ्या आहेत, मुलं आणि नव्या शिक्षिका खोळंबल्या आहेत, तुम्ही येता का? दुकान काकांवर सोपवून धावले. ताई हातात खडू घेऊन उभी होती. मला पाहताच म्हणाली, "उशीर केलास. बस मागच्या बाकावर."

मुलं हसली. नव्या शिक्षिकेने हळूच माझ्या हाताला हात लावला. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. या वयात लोकांच्या वर्गात घुसून मिरवायची हौस! रस्ताभर मी तिची सालटी काढली, एक्सकोरिएट केलं म्हणा. ती माझी बाही धरून मुकाट्याने चालत होती. ताई आणि मुकाट्याने.

१९ मार्च

आज फार भांडले. लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

मूळ होतं मेन्स, म्हणजे मन. मी या मुळावर आठवडाभर घाम गाळला होता. मेंटल, मेंटॅलिटी, कॉमेंट, आणखी ढीगभर. कुठला शब्द मुळाशी कसा जोडला आहे तेसुद्धा. ताईने एकही शब्द सांगितला नाही. मेंटलसुद्धा नाही! तिच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या ढ मुलालाही येईल तो. वर गोड हसून म्हणते, "तूच सांग ना."

माझा ताबा सुटला. म्हटलं, "मी भीक मागितली का तुझ्याकडे? माझी कीव करतेस? खेळायचं तर नीट खेळ, नाहीतर सरळ सांग, की चपला विकणारीशी खेळायला तुला लाज वाटते!"

ती रडायला लागली. आई गेली तेव्हाही सगळ्यांसमोर ही रडली नव्हती. आज टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत रडली, आणि म्हणत राहिली, "मी शोधतेय गं. मी शोधतेय."

मी उठून खोलीत गेले. आता रडायचं सोंगही जमायला लागलं आहे. मला काय, मी फसणार नाही. भांडी तशीच पडली आहेत.

२० मार्च

सकाळी ताईने स्वतः चहा करून आणला. चहात मीठ होतं. मी तसाच प्यायले. सूड उगवायचा तर तिला एवढंच सुचलं.

३ एप्रिल

उद्या स्पर्धा. गेल्या वर्षीची विजेती थेट अंतिम फेरीत असते, त्यामुळे ताईला आधीच्या फेऱ्या खेळाव्या लागत नाहीत. मला लागतात. नियमांचा कागद चारदा वाचला. दोघीही एकाच मुळावर अडल्या, तर कप आधीच्या विजेतीकडेच राहतो. म्हणजे नुसतं तिला अडवून भागणार नाही, मला एक तरी शब्द सांगावा लागेल. सांगेन. शंभर सांगेन.

ताईला म्हटलं, "उद्याचं लक्षात आहे ना?" ती म्हणाली, "उद्या काय?" बघा, अजून सोंग चालूच.

४ एप्रिल

घरी येऊन ताईला झोपवलं आणि लिहायला बसले.

आधीच्या फेऱ्या मी झपाझप जिंकल्या. चष्मेवालीलाही गार केलं. मग अंतिम फेरी. व्यासपीठावर दोन खुर्च्या, दोन माइक. ताईने माझी निळी साडी नेसली होती. मी सकाळीच ओरडले होते त्यावरून. सभागृह भरलेलं होतं, ताईचे जुने विद्यार्थी पुढच्या रांगेत.

ग्रंथपालाने काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढली. "मूळ आहे, मॅनस. पहिली पाळी गतविजेत्या मॅडमची."

मला हसू आलं. तिचंच मूळ. आता टाचणी लागणार, इतक्या दिवसांचं सोंग आता संपणार. मी तयार होऊन बसले. ती भुवई कधी वर जाते त्याची वाट बघत होते.

भुवई वर गेली नाही. ग्रंथपालाने पुन्हा सांगितलं, "मॅनस, मॅडम." ताईने आपले दोन्ही हात समोर धरले. उलटे केले, सुलटे केले, कुणाचे तरी दुसऱ्याचे असल्यासारखे बघितले. मग माझ्याकडे वळली. आवाज माइकमधून सगळ्यांना ऐकू गेला.

"छोटे, बाबा केव्हा येणार गं न्यायला? अंधार पडेल ना."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, मॅडमचा विनोद. मग चष्मेवाली हसली, आणि मग बरेच हसले. सहा जानेवारीला माझ्या घरात हसले होते ना, तेच हसू. माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. वाटलं, व्यासपीठावरून उतरावं आणि एकेकाच्या पायातला जोडा काढून त्याच्याच तोंडात कोंबावा.

आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. दूध, मीठ, बूट, खडू. सगळं एकदम. ती सोंग करत नव्हती. एक दिवससुद्धा करत नव्हती.

ग्रंथपाल म्हणाला, "वेळ संपली. आता तुमची पाळी. एक शब्द सांगा, कप तुमचा."

पाचही बोटांवर शब्द होते. जिभेवर होते. मी म्हटलं, "मला येत नाही."

"अहो, येत नाही कसं? मघाशी तर... निदान मॅन्युअल?"

"येत नाही म्हटलं ना!" मी ओरडले. माइक किंचाळला. मी ताईचा हात धरला. तो गार होता आणि तिने घट्ट पकडला. कप आमच्या घरातच राहिला, तिच्या नावावर. मी मुद्दाम हरले.

१२ एप्रिल

डॉक्टर. पुन्हा डॉक्टर. मग मोठे डॉक्टर. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं आणि समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, राहू द्या. डी म्हणजे दूर. मेन्स म्हणजे मन. डिमेन्शिया. मूळ मला पाठ आहे.

आठवडाभर घोकलं होतं मी ते मूळ. वीस शब्द काढले होते त्याचे. हा घेतला नव्हता, फार साधा वाटला म्हणून.

१८ एप्रिल

राग गेलेला नाही. लोकांना वाटतं, आता मी मऊ झाले असेन. छे! उलट वाढलाय. आता ठेवायला जागा नाही म्हणून वाढलाय. जिच्यावर रागवायचं तीच जागेवर नसते. तिने मला चप्पल म्हटलं त्याचा जाब अजून विचारायचाय, आणि विचारला तर ती म्हणेल, कोण म्हणालं? कधी? माझं भांडण अर्ध्यावर टाकून ही निघाली कुठे? हे मी तिला कधी माफ करणार नाही.

आणि माझ्यावरचा राग निराळाच आहे. "मी शोधतेय गं" म्हणत होती ती. मी दार लावून घेतलं होतं.

कारागीर काकांची माफी मागायची आहे. तोंड उघडते आणि सोलचे भाव विचारते. आज त्यांनीच ताईच्या बुटांना हलका, न घसरणारा सोल लावून ठेवला.

५ मे

दुकान आता दुपारी बंद ठेवते. रोज जेवणानंतर खेळ मात्र चालू आहे. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. त्यांनी सांगितलं नसतं तरी ठेवला असता.

आज मी तिचा हात हातात घेतला आणि एकेका बोटावर शब्द म्हणायला लागले. मॅन्युअल. मॅन्युस्क्रिप्ट. मॅनिक्युअर. मॅनेज. ती मन लावून ऐकत होती. अंगठ्यावर इमॅन्सिपेट म्हटलं, पण हात सोडला नाही.

ती म्हणाली, "तुम्हाला फार शब्द येतात हो. कुणी शिकवले?"

मला अहोजाहो केलं. पहिल्यांदाच.

"माझ्या ताईने."

"हुशार दिसतेय."

"भयंकर हुशार. पण शिष्ट आहे. चारचौघांत माझा अपमान करते."

ताईची भुवई वर गेली. अगदी तशीच, पूर्वीसारखी. माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "मग तिच्याशी खेळू नका. माझ्याशी खेळा."

भांडी मीच घासली. आज पाळी तिची होती.